दिवा तांबडा असेपर्यंत

ह्यांच्या कानातलं मशीन मी दुपारी डबीत चार्जिंगला ठेवते. दिवा तांबडा म्हणजे बॅटरी भरतेय, हिरवा झाला की भरली, एवढं नातीनं शिकवलंय. तोवर ह्यांना काही ऐकू येत नाही. मग मी शेजारी मटार सोलत खुशाल बोलत बसते. काही गोष्टी ऐकू न येणाऱ्यालाच सांगता येतात, नाही का?

आज म्हटलं, “अहो, मागच्या दुखण्यात फार घाबरवलंत. माझ्याआधी जायचं नाही हं.” हे आपले पेपरात.

दिवा हिरवा झाला. मशीन कानात बसवून दिलं, तर म्हणाले, “मघापासून काय सांगत होतीस?”

“चहा टाकू का, विचारत होते.”

“एवढा वेळ चहाच?” म्हणाले, आणि माझ्या परातीतला मटार सोलायला बसले.