भोईर सरांचं लॉगिन

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. जिन्यात संध्याकाळी कोणीतरी कुजबुजतं अशी तक्रार घेऊन मुलं आली होती, तेव्हा त्यांना तिथे नेऊन ट्यूबलाइटचा खराब झालेला चोक दाखवणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते आहे. पण लाजेचं मोठं कारण वेगळं आहे... ते ओघात येईलच.

भिवंडीत धामणकर नाक्यावरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आमचं कॉलेज. नाव देत नाही. गोष्ट २००५-०६ च्या सुमाराची. विद्यापीठाच्या पदवीबरोबरच कॉलेजचे स्वतःचे काही सर्टिफिकेट कोर्स चालायचे. नवा कोर्स काढायचा, जुना बदलायचा किंवा बंद करायचा, तर त्याची फाइल अभ्यासक्रम समितीच्या एकेका सदस्याकडे फिरायची. कोणी रजेवर, कोणी पेपर तपासण्यात. एकदा एक फाइल अख्खी टर्म कोणाच्या तरी हेल्मेटखाली सापडली. म्हणून मीच मॅनेजमेंटच्या मागे लागून ठाण्याच्या एका छोट्या कंपनीकडून सॉफ्टवेअर करून घेतलं. सगळे कोर्स एका कॅटलॉगमध्ये. प्रत्येक सदस्याने आपल्या लॉगिनने प्रस्ताव उघडायचा, वाचायचा, आणि ‘अ‍ॅप्रूव्ह’ किंवा ‘रिटर्न’ दाबायचं. रिटर्न केलं तर शेरा लिहिणं सक्तीचं.

कल्पना चांगली होती. झालं असं की, पहिल्याच आठवड्यात एकेक सदस्य माझ्याकडे आला आणि आपला पासवर्ड सांगून गेला. कोणी मुलीचं नाव, कोणी स्कूटरचा नंबर. ‘तुम्हीच दाबा हो सर, आम्हाला ते जमत नाही.’ मीही दाबू लागलो. एका माणसाने बसल्या जागी अख्ख्या समितीची मंजुरी द्यायची! मॅनेजमेंट खूश, म्हणे काय स्पीड आहे.

पासवर्ड दिला नाही तो फक्त भोईर सरांनी. ते फिजिक्सचे, मूळचे मानकोलीचे. त्यांच्या भाताच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली तरी बोलणं गावचंच राहिलं होतं. ते माझ्या खोलीत यायचे, एका बोटाने, दुसऱ्या हाताचा आडोसा करून पासवर्ड टाइप करायचे, आणि प्रस्ताव खरोखर वाचायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, द्या की मला, तुमचा वेळ वाचेल. खोलीत आम्ही दोघंच होतो. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “सही माझी हाय ना मास्तर? मंग हात तुझा कशाला?”

मी हसण्यावारी नेलं.

‘यंत्रमाग देखभाल’ हा त्यांचा कोर्स. नारपोलीतली मुलं यायची, ज्यांच्या घरातलं कोणी ना कोणी लूमवर होतं. पहिला तास वर्गात नाहीच, थेट कारखान्यात. त्यांच्या जोडीला जाधव मॅडम शिकवायच्या. त्याही नारपोलीच्या, तासिका तत्त्वावर नेमलेल्या. म्हणजे जितके तास तितकाच पगार, आणि दर टर्मला नेमणूक नवीन. पुढे भोईर सरांना कावीळ झाली आणि ती अंगावर काढल्यामुळे ते गेले. कोर्स एकट्या मॅडमनी चालू ठेवला. त्यांचे बहुतेक तास त्याच कोर्सचे होते.

काही महिन्यांनी मॅनेजमेंटने ठरवलं, लूमचा कोर्स बंद करा, त्याच्या जागी इंग्लिश स्पीकिंग आणा. प्रस्ताव सॉफ्टवेअरमध्ये मीच टाकला. मंजुरीच्या साखळीत शेवटचं नाव अजून भोईर सरांचंच होतं. कंपनीच्या माणसाला फोन केला, तर म्हणाला, ती पायरी स्किपवर टाकली आहे, बाकीच्यांचं झालं की आपोआप पुढे जाईल.

त्या दुपारी लोडशेडिंग होतं. भिवंडीत राहणाऱ्याला लूमचा आवाज ऐकू येत नाही, तो थांबला की ऐकू येतो. आजूबाजूचे सगळे कारखाने एकदम गप्प झाले होते. कॉलेजात इन्व्हर्टरवर फक्त माझं मशीन आणि शेजारचा सर्व्हर, दोन्ही माझ्याच खोलीत. बाकी सगळे कॉम्प्युटर बंद.

जाधव मॅडम आल्या आणि टेबलापलीकडच्या खुर्चीत बसल्या. स्क्रीनची पाठ त्यांच्याकडे होती. डब्यातून संत्रं काढून सोलत त्यांनी विचारलं, कोर्सचं काही कळलं का सर? मुलं विचारतात.

मी म्हणालो, “समिती ठरवेल.”

असं म्हणत असताना मी एकेका सदस्याच्या नावाने लॉगिन करून अ‍ॅप्रूव्ह दाबत होतो. त्यांनी संत्र्याच्या फोडी माझ्यापुढे केल्या. मी एक तोंडात टाकली आणि शेवटच्या सदस्याचं अ‍ॅप्रूव्ह दाबलं.

प्रस्ताव पुढे गेला नाही. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि भोईर सरांचं पान उघडलं. आत, म्हणजे पासवर्ड टाकून गेल्यावरच दिसतं ते पान. रिटर्नच्या खालची शेऱ्याची चौकट पांढरी झाली आणि तिच्यात एक अक्षर उमटलं. मग थोडं थांबून दुसरं...

मी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. अक्षरं उमटतच राहिली. एका बोटाने टाइप करणारा माणूस जसा पुढचं अक्षर शोधायला थांबतो, तशी थांबत थांबत. खोलीत इतकी शांतता होती की मी कीचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. आवाज नव्हता. कीबोर्ड माझ्यासमोर होता, एकही की हलत नव्हती.

“सर, हात का वर केलेत? शॉक बसला का?” मॅडमनी विचारलं. त्यांच्या बोटांवरून संत्र्याचा रस मनगटावर ओघळत होता.

रोमन लिपीत मराठी वाक्य पुरं झालं होतं: सही माझी हाय. हात कोनाचा?

खाली प्रस्तावाची स्थिती बदलली: रिटर्न्ड.

वीज आली तेव्हा प्राचार्यांनी आपल्या मशीनवर ते वाचलं. गेलेल्या माणसाच्या नावाने शेरा! आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ठाण्याहून कंपनीचा माणूसही आला. तो इतकंच सांगू शकला की पासवर्ड बरोबर टाकला गेला होता. कुठल्या मशीनवरून, तो रकाना कोरा होता. असा कोरा राहूच शकत नाही, असंही तोच म्हणाला, आणि पुन्हा पुन्हा तपासत बसला. बाकीच्यांच्या मंजुऱ्या कुठून आल्या, हे मात्र कोणी बघितलंच नाही.

प्राचार्यांचा हिशेब सरळ होता. चालू मशीन माझ्या खोलीत, खोलीत माणसं दोन. म्हणजे मी, नाहीतर मॅडम. आणि कोर्स वाचला तर फायदा कोणाचा, हेही उघड होतं.

आधी मॅडम बोलल्या. स्वतःबद्दल नाही. म्हणाल्या, “सरांनी नाही केलं. त्यांचे हात वर होते, मी स्वतः बघितलं.”

प्राचार्य माझ्याकडे वळले. तुमचं काय म्हणणं?

मी म्हणालो, “मी केलं नाही.”

बस, एवढंच बोललो. त्यात खोटं काही नव्हतं. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, पुढच्या वाक्याची वाट बघत. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ते बोललो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता की मग तिथे नक्की काय चाललं होतं? समितीतला एकही माणूस जागेवर नसताना सगळ्यांची मंजुरी कोण देत होतं? आजवरच्या कॅटलॉगमधल्या प्रत्येक मंजुरीमागे कोणाचा हात होता? आणि ‘अक्षरं आपोआप उमटली’ असं सांगणाऱ्या मास्तरला स्टाफरूममध्ये कोणी सोडलं नसतं. मी खाली बघितलं.

पुढच्या टर्मला मॅडमना नेमणूक मिळाली नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने खोटेपणा केला, ही बोलवा मात्र त्यांच्या मागे लागली. नंतर दुसऱ्या एका कॉलेजात त्यांची मुलाखत होती, तिथेही ती त्यांच्या आधी पोचली, असं कळलं. कोर्सचा प्रस्ताव सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा घालायची माझी हिंमत झाली नाही. कोर्स कागदावर, सह्या घेऊन बंद झाला. मी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले. कॉम्प्युटरच्या सुरक्षेसाठी, असं सांगितलं.

निवृत्तीनंतर एकदा धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात त्या भेटल्या. मला बघून सरकल्या, जागा केली. “या सर, बसा. तब्येत बरी आहे ना?” मी हो म्हणालो. त्यांनी त्या दिवसाचं काहीच विचारलं नाही. माझं उतरायचं ठिकाण यायच्या आधीच मी उतरलो.

बुद्धीला पटेल असं सगळं मी तपासून पाहिलं आहे. स्किपची पायरी चुकली असेल, सर्व्हरमध्ये कुठला तरी जुना शेरा अडकला असेल. पण तो प्रस्तावच नवा होता. आणि ते वाक्य भोईर सर मला एकट्याला म्हणाले होते, मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. त्यांचा पासवर्ड काय होता हे अजून कोणाला माहीत नाही.

त्या खोलीतल्या दुसऱ्या माणसाचे दोन्ही हात संत्र्यात होते. मी ते बघत होतो. हे भिवंडीतल्या ज्या कोणाच्या वाचनात येईल, त्याने कृपा करून पुढे चार लोकांना सांगावं. शेरा कोणी टाइप केला, हे मला आजही सांगता येत नाही. कोणी केला नाही, हे मात्र त्याच दिवशी सांगता येत होतं.