घड्या पडलेली केंद्रकं

नेलपॉलिशचा वास आला की मला जबलपूरची ती प्रयोगशाळा आठवते. उंदराच्या मेंदूचा पातळ काप काचपट्टीवर ठेवायचा आणि वरच्या काचेच्या कडा सदर बाजारातून आणलेल्या नेलपॉलिशने बंद करायच्या, हे माझं काम. सूक्ष्मदर्शकाखाली, विभाजन थांबवून निजलेल्या मूळपेशींची केंद्रकं मला घड्या पडलेली दिसायची. काप बिघडला समजून मी त्या पट्ट्या डब्यात टाकायचे. तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मला तसं करताना पाहिलं. "काहून फेकून राहिली?" "घड्या पडल्या जी." त्यांनी टाकलेली पट्टी उचलून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली लावली. "याच कापातल्या जाग्या पेशी बघ, गुळगुळीत आहेत. काप बिघडला असता तर त्या वाचल्या असत्या का?" आम्ही दोघींनी डबा पालथा केला, बहुतेक पट्ट्या फुटल्या होत्या. आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. तिथला टाकाऊ पट्ट्यांचा डबा मी पाहिल्याशिवाय कोणी रिकामा करत नाही.