मापानंतर

मास्तरांनी चाळीस वर्षं कोट शिवले आणि त्यांच्या बायकोने त्या कोटांना काजं केली, म्हणून गिऱ्हाइकं तिला काजवाल्या काकू म्हणत. मास्तरांचा तोरा मोठा. माप दिल्यावर कुणाचं पोट सुटलं, की ते भर दुकानात त्याची हजेरी घेत, "सांगायला काय तोंडाला कुलूप होतं?" काकू मान खाली घालून हसत.

मास्तरांच्या खुब्यात दोनदा कृत्रिम सांधा बसवला, दोन्ही वेळा तो सैल झाला. हाड इतकं झिजलं की तयार सांध्याला धरायला जागाच उरली नाही. मग डॉक्टरीणबाईंनी स्कॅन काढून उरलेल्या हाडाच्या मापाची, खुब्यात बसवायची धातूची वाटी करायला दिली. आठ आठवडे लागणार होते. मास्तर खूश. "शेवटी मलाही कुणीतरी मापाचं शिवतंय!" कापायच्या टेबलाशी पुन्हा उभं राहायचं, एवढाच त्यांना ध्यास होता.

सहाव्या आठवड्यात ते बाथरूममध्ये घसरले. काकू फोनकडे धावल्या.

"ठेव तो खाली," मास्तर कळवळत म्हणाले. "परत स्कॅन, परत दोन महिने. मुका मार आहे नुसता. माझी शपथ आहे तुला."

नवऱ्याचा हट्ट मोडायची काकूंना सवयच नव्हती. ऑपरेशनसाठी भरती होताना नर्सने विचारलं, "मध्ये कुठे पडलाबिडलात का?" मास्तर नाही म्हणाले. काकू उगाच पिशवी आवरत राहिल्या.

ऑपरेशन आटोपून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वाटीचे स्क्रू ज्या काठात जायचे, तो काठच मोडला होता. वाटी बसली नाही. जुना सांधा काढून जखम शिवली होती. आता पायावर भार देता येणार नव्हता, आणि पुढे कधी येईल याची बाईंना खात्री देववेना. "पडले होते का?"

काकूंनी होकारार्थी मान हलवली.

"एक फोन केला असतात, तर नवं माप घेतलं असतं." बाई रागावल्या नाहीत, त्याचंच काकूंना जास्त लागलं.

संध्याकाळी मास्तर शुद्धीवर आले. "बसली का गं नीट?"

"नाही."

"त्यांचं माप चुकलं असणार."

"माप बरोबर होतं. तुम्ही पडलात, तेव्हा हाड मोडलं."

मास्तरांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "तू तरी सांगायचं होतंस."

काकूंना संताप आला. शपथ कुणी घातली होती, असं विचारावंसं वाटलं. पण दुपारपासून त्या स्वतःलाही हेच सुनावत होत्या. त्यांनी मास्तरांचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाल्या, "हो, चुकलंच माझं."