सरजाआक्काची सही आन अप्पाची कंपनी

रामलिंगअप्पाचं नाव निघालं की माझ्या तोंडात आधी शिवी येते. हे पहिलंच सांगून ठेवते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको, की मनिषाबाई, जरा मापात बोला. मापात बोलून कुणाचं भलं झालं ते मला दाखवा. माझी थोरली जाऊ सरजाबाई, मी तिला आक्का म्हणते, ती जन्मभर मापातच बोलत आली. तिचं काय झालं ते ऐका, मंग मला शहाणपण शिकवा.

आमचं धर्माबाद म्हणजे मिरचीचं गाव. हंगामात नवा माणूस स्टेशनावर उतरला की आधी शिंकतो, मंग पत्ता इचारतो. अडतीच्या आवारात मिरचीचे ढीग लागतात आन बाया रांगेनं बसून देठ खुडतात. आक्का लग्न होऊन आली ती थेट रामलिंगअप्पाच्या आवारात जाऊन बसली. पुढं तिची लेक दिपाली झाली, अंगावर पीत होती. संध्याकाळी घरी आली की आक्काच्या हाताची अशी आग व्हायची, की ती ताकाच्या भांड्यात हात बुडवून बसायची. पोरगी रडून रडून लाल. मंग आमची सासू पोरीला उचलून आक्काच्या छातीशी धरायची, आन आक्का दोन्ही हात पाठीमागं धरून बसायची, चुकून लेकराच्या डोळ्याला लागायला नको म्हणून. आपल्याच लेकराला हात लावायची चोरी. असे दिवस काढले तिनं त्या आवारात.

आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. आमच्या आजेसासऱ्याची जमीन गेली ती एका अंगठ्यावर. गावातल्या बड्या घरानं कागद पुढं केला, ह्यानं अंगठा उठवला, आन सकाळी आपल्याच बांधावर हा चोर ठरला. तवापासून घरचा नेम, की मरायची पाळी आली तरी अंगठा द्यायचा न्हाई. विहारात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला तवा आक्का सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. वाचायला जेमतेम आलं, पण सही अशी शिकली, की बघत राहावं. पुरं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. रेशन दुकानात बाकीच्या बाया शाईत बोट बुडवायच्या, आन ही पदर खोचून पेन मागायची. तिच्या अंगावर दागिना नव्हता, पण सही होती. आन रामलिंगअप्पाला हे चांगलं ठाऊक होतं.

एक दिवस त्याची गाडी आमच्या गल्लीत शिरली. त्याचा बाप कधी आमच्या गल्लीत आला न्हाई आन हा बी न्हाई, म्हणून लोक दारादारात उभे. अप्पा आमच्या बाजेवर बसला आन आमच्या घरचा चहा प्याला. बशीत ओतून, फुर्र फुर्र करून, शेवटच्या घोटापर्यंत. मुडदा बशिवला त्याचा, त्या चहानंच घात केला. एवढा मोठा माणूस आपल्या घरचा चहा पितो म्हणल्यावर पुढं काय मागितलं तरी कोण न्हाई म्हणणार? तो म्हणला, आम्ही नवी कंपनी काढून राहिलो. कंपनीला इमानदार माणसांची नावं लागतात. तुम्ही एवढी वर्षं आमच्याकडं हात भाजून घेतले, तर आता तुमचा मान करायचा हाय. दुसरं नाव लिंबाजीकाकाचं. लिंबाजीकाका म्हणजे अप्पाच्या आवाराचा राखणदार, आमच्याच गल्लीतला म्हातारा.

दोघांना गाडीत घालून नांदेडला नेलं. तिथल्या हापिसात एका माणसानं अंगठा लावायचं यंत्र पुढं सरकवलं. आक्का ताडकन म्हणली, आम्ही अंगठा देत न्हाई, सही करतो. अप्पा काय म्हणावा? "बघा, आमची सरजाक्का शिकलेली हाय, पेन द्या तिला." आन स्वतःच्या खिशातला भारी पेन काढून दिला. ती खुश. त्यांनी बोट ठेवलं तिथं तिथं सही करत गेली. मंग मोबाईलपुढं बसवलं, नाव सांगायला लावलं, इचारलेल्याला हाव म्हणायला लावलं. येताना हॉटेलात जेवण आन अंगावर एक साडी. घरी येऊन आक्कानं चारचौघींत सांगितलं, की अंगठा मागत होते, मी दिला न्हाई. सगळ्या गल्लीनं तिचं कौतुक केलं.

आता कपाळावर हात मारून घ्यावा वाटतो. पण तिची बी चूक कशी म्हणावी? आमच्या माणसांनी एवढंच शिकून ठेवलं होतं, की अंगठ्यानं माणूस बुडतो आन सहीनं तरतो. नव्या चोरांना अंगठा लागतच न्हाई, त्यांना सहीच लागते, हे आम्हाला कुणी सांगितलं? त्या दिवशी तिची सही एका बोटाएवढ्या वस्तूत भरून घेतली, कॉम्प्युटरला लावायची असती तशी, आन ती वस्तू अप्पाच्या ड्रॉवरमधे गेली. पुढं आक्का बाहेर उन्हात मिरच्या खुडत बसायची, आन तिची सही आतल्या थंड खोलीत बसून कर्ज काढायची. ज्या कंपनीची ही डायरेक्टर, त्याच कंपनीच्या आवारात ही रोजानं. लिंबाजीकाका तर मरून गेला बिचारा, तरी कागदावर डायरेक्टरच राहिला. मेलेल्या माणसाला बी सुट्टी न्हाई दिली हरामखोरानं.

हे आम्हाला कळलं ते कसं, ते सांगते. गेल्या काही वर्षांत आक्कानं आमच्या बचत गटातल्या बाया धरून घरचं तिखट करायला सुरुवात केली. कांडप यंत्र घेतलं. कोणती मिरची रंगाला, कोणती झणक्याला, हे तिनं आयुष्यभर हातात घेऊन बघितलेलं. तिखट चाललं म्हणजे असं चाललं, की निजामाबादेहून माणसं गाडी घेऊन यायला लागली. मंग हैदराबादचा एक मोठा व्यापारी आला. चव बघितली, डोळ्यांतून पाणी काढलं आन म्हणला, वर्षभर माल घेतो, पण गटाच्या पावतीवर न्हाई, तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा. विहारात बायांची बैठक झाली. सगळ्या म्हणल्या, कंपनी करू आन वर नाव सरजाक्काचं. आक्कानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं. दाराला पाटी पाहिजे म्हणली, आन पाटीवर आपलं नाव.

नांदेडला शिवांगी म्हणून सीए हाय. शिरूर अनंतपाळकडच्या शेतकऱ्याची पोरगी, बोलायला सरळ. आक्काचे कागद तिनं कॉम्प्युटरवर टाकले. मंग तिनं आक्कालाच इचारलं, की आजी, तुमची आधीची कंपनी कशी चाललीय? मी म्हणलं, कोणती कंपनी?

शिवांगीनं सगळं समजावून सांगितलं. अप्पाच्या त्या कंपनीनं बँकेचं मोठं कर्ज उचललं आन बुडवलं. तीन वर्षं सरकारात हिशेब भरला न्हाई. असं झालं की कंपनीच्या डायरेक्टरला पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याच कंपनीत डायरेक्टर होता येत न्हाई. आन कागदावर डायरेक्टर कोण? एक लिंबाजीकाका, वर गेलेला. दुसरी आमची आक्का. अप्पाचं नाव औषधाला बी न्हाई. शेअर घ्यायला कायद्याची आडकाठी न्हाई, पण थकलेल्या कर्जात आक्काचं नाव, म्हणून ती जिथं असंल तिथं बँक पाय ठेवू देणार न्हाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आक्का मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

आम्ही तशाच उठून अप्पाच्या अडतीवर गेलो. मी तोंडाला येईल ते बोलले. मेल्या, गरिबाच्या टाळूवरचं लोणी खातोस, असंच म्हणलं मी चार हमालांपुढं. तो गादीवर रेलून बसलेला. माझ्याकडं बघितलंच न्हाई. आक्काला म्हणला, "मी कुठं काय केलं? कागदावरची सही तुमचीच हाय ना, सरजाक्का?"

"हाव," आक्का म्हणली. "माझीच हाय."

आन त्यानं आमच्यासाठी चहा सांगितला. चहा! मी कपबशी तिथंच फरशीवर आपटली आन आक्काला हाताला धरून बाहेर आणलं.

मंग आम्ही विनोद वकिलाकडं गेलो. तो आपल्याच समाजातला, जयभीम घालून बसवलं, सगळं ऐकून घेतलं आन सुटायचा रस्ता बी सांगितला. म्हणला, ही अडाणी मजूर बाई हाय असं लिहून देऊ. लिहिता येत न्हाई, वाचता येत न्हाई, ह्या सह्या माझ्या न्हाईतच, कुणीतरी खोट्या केल्या. फक्त त्या कागदावर आक्कानं सही करायची न्हाई, अंगठा उठवायचा. वयाकडं आन हाताकडं बघून कुणाला बी पटंल.

आक्का उठून उभी राहिली. "वकीलसाहेब, मी ते शिकलेय," म्हणली. "शिकले न्हाई असं कसं सांगू?"

मी तिच्यावरच भडकले. आगं, राजा हरिश्चंद्र लागून गेलीस का तू? तो चोर खोटं बोलून गादीवर बसलाय आन तू खऱ्यापायी रस्त्यावर. एक अंगठा द्यायला काय जातं तुझं? पण ती ऐकंल तर शपथ. तिनं खरी तक्रार दिली, की सही माझीच हाय, पण कशावर करून राहिले ते मला सांगितलं न्हाई. ती तक्रार आजबी पोलिसात पडून हाय. साहेब बदलतात, नवा साहेब पहिल्यापासून इचारतो, आक्का पहिल्यापासून सांगते.

इकडं हैदराबादचा व्यापारी किती दिवस थांबणार? तो रोज फोन करायचा. शेवटी मीच शिवांगीला म्हणलं, की माझं नाव लावा ना. नाव माझं, कारभार आक्काचा. आक्का म्हणंल तिथं मी सही करते, मला काय करायचंय त्यातलं समजून. शिवांगी टेबलाकडं बघायला लागली. आन आक्का, जी अप्पावर चिडली न्हाई, वकिलावर चिडली न्हाई, ती माझ्यावर अशी चिडली, की पुसू नका.

"म्हणजे तू माझी सरजा व्हायची? आन मी तुझी रामलिंगअप्पा?"

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. ती थांबलीच न्हाई. म्हणली, नाव तुझं तर कंपनी बी तुझी. शेअर तुझे, डोकं तुझं, चुकलं तर गळा बी तुझा. न्हाई तर तिखट गल्लीत इकू, कंपनी नको. मंग तिनं मला आन आमच्या गटातल्या गुरम्माला शिवांगीपुढं बसवलं. एक एक पान वाचून घेतलं. हे काय, ते काय, हिशेब कधी भरायचा, न भरला तर काय होतं. गुरम्माला मराठीत कळलं न्हाई तर तेलुगुत सांगायला लावलं. शिवांगी दमली, आम्ही दमलो, आक्का दमली न्हाई. सहीची ती बोटाएवढी वस्तू आली तवा आक्कानं स्वतःच्या हातानं माझ्या मुठीत ठेवली आन म्हणली, ही नवऱ्याला बी द्यायची न्हाई, मला बी न्हाई.

कंपनी झाली. पाटी लागली. पाटीवर माझं नाव हाय, गुरम्माचं हाय, आन जिच्या हातानं हे उभं राहिलं तिचं न्हाई. आक्का आमच्याकडं रोजानं हाय. हे बोलताना बी मला राग येतो. लोक म्हणतात, मनिषा नशीबवान, आयती मालकीण झाली. त्या लोकांना काय सांगू?

परवा मोंढ्यात मिरची घ्यायला आम्ही दोघी गेलो होतो. समोरून रामलिंगअप्पा. तेच पांढरं धोतर, तोच हसरा चेहरा, कंपनी दुसरी, डायरेक्टर दुसरे दोन गरीब. माझ्याकडं बघून हात जोडले आन सगळ्यांना ऐकू जाईल असं इचारलं, "काय मनिषाबाई, सरजाक्का तुमच्याकडं मजुरीला हाय म्हणं?"

मी चप्पल काढायला वाकले होते. खरंच वाकले होते. आक्कानं माझा दंड धरला.

"हाव अप्पा, हाय," ती म्हणली, आन पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणली. "तुमच्याकडं मी मालकीण होते, पण मला ठाऊक नव्हतं. हितं मजूर हाय, आन मला सगळं ठाऊक हाय."

मोंढ्यातले हमाल हातातलं काम टाकून बघायला लागले. एक जण हसला, मंग दुसरा. अप्पाचा चेहरा उतरला, पण उतरून उतरून किती? त्याची गाडी उभी होती, तो बसून गेला. त्याला ना तुरुंग, ना दंड, ना लाज. मी तिथंच उभी राहून त्याच्या सात पिढ्या काढल्या. आक्का म्हणली, बास कर, बाया खोळंबल्यात, चल. आन मी मालकीण असून तिच्या मागं मागं गेले.