आठवा मणका

“शमुवेल मास्तरांचा हात मोठा कसबी. इतका कसबी, की उत्क्रांती पटवण्यासाठी त्यांनी बेडकाच्या मणक्यालाही कानस लावली!” शिरूरच्या शोकसभेत आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी हे वाक्य उच्चारले आणि सभा हसली. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. म्हणून ते मी देतो.

मिशनच्या आवारात राहणारे हे जीवशास्त्राचे शिक्षक आणि संस्कृतचा मी, एका भिंतीच्या दोन बाजूंना शिकवीत असू. मणके तारेत ओवायला बसले की ते हाक मारीत, “शास्त्रीबुवा, विटाळ होणार नसेल तर या.” मी म्हणे, “झालाच तर तुमच्या बेडकाला होईल.” त्यांनीच मला दाखवले, की आपल्या विहिरीतल्या मोठ्या बेडकाच्या पाठीत मणके नऊच, आणि शेवटी एक लांब दांडी. बहुतेक मणके पुढून खोलगट, मागून फुगीर. म्हणून एकात एक बसतात. आठवा मात्र दोन्हीकडून खोलगट, माशाच्या मणक्यासारखा. तपासणीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी तो हातात घेतला आणि सर्वांदेखत म्हणाले, “हा घासलेला आहे.” मास्तर एवढेच बोलले, “दुसरा बेडूक उघडून पाहा.” कोणी पाहिला नाही. सांगाडा उकिरड्यावर गेला, आणि मास्तरांना निवृत्तीपर्यंत भूगोल शिकवावा लागला...

आणि म्हणे, पटवण्यासाठी! मीच एकदा विचारले होते, “म्हणजे बेडूक माशाच्या वंशातला, हे यावरून ठरले?” ते उसळले. “नाते आहे अशी माझी खात्री आहे. पण एका हाडावरून वंशावळ गायला मी काय भाट आहे, शास्त्रीबुवा?” असा माणूस कानस लावील?

सभेहून दौंडला परतलो, पण चित्त थाऱ्यावर येईना. वाचायला घेतलेले पान पुढे सरकेना, जेवताना ते हसू कानात वाजे. अखेर वरवंडच्या दगडूला सांगून विहिरीत मरून पडलेला बेडूक मागवला. पिशवी देताना तो म्हणाला, “आबा, ह्यो घ्या. पर काकूंला म्हाईत हाय का न्हाई?” नव्हते. आता आहे; बेडूक उकळलेले पातेले स्वयंपाकघरातून कायमचे हद्दपार झाले आहे.

उकळून, वाळवून ते मणके मी मास्तरांच्या पद्धतीने तारेत ओवले. ओवणी वाकडी झाली. ते असते तर हसले असते. तार माझ्या मेजावर आहे. मुख्याध्यापकांनी अवश्य यावे, भिंग मी देईन. आठवा मणका पुढूनही खोलगट आहे आणि मागूनही. आणि माझ्या घरात कानस नाही.