बाबांची हरकत

लातूरला एका क्लासमध्ये शिकवायला लागले त्या वर्षीच्या दिवाळीत मी नांदेडला घरी गाण्याचा एक व्हिडिओ गेम नेला. मैत्रिणीच्या घरी तो पडून होता. टीव्हीला जोडायचा डबा, सीडी, एक तांबडा आणि एक निळा माइक, सगळं पिशवीत घालून एसटीत मांडीवर धरून आणलं.

खेळ सोपा होता. टीव्हीवर हिंदी गाणं लागायचं, खाली शब्द यायचे आणि शब्दांच्या वर आडव्या पट्ट्या सरकत जायच्या. पट्टी उंच असली की सूर उंच लावायचा. आवाज नेमका बसला की पट्टी रंगानं भरायची, नाहीतर रंग वरखाली सांडायचा. शेवटी दहा हजारांपैकी गुण.

बाबा रेल्वेच्या कचेरीत कारकून. पण गल्लीत त्यांची ओळख दर गुरुवारच्या भजनाची. दत्ताच्या देवळात पेटी तेच वाजवायचे आणि गायचेही तेच. एक ओळ चार तऱ्हांनी म्हणायचे. सूर कधी थेट लावायचे नाहीत. खालून उचलत, मध्येच हरकतीची एखादी छोटी गिरकी घेत, आता चुकतात की काय असं वाटायला लावून अलगद जागेवर यायचे. घरी निघालेली माणसं पायात चपला सरकवता सरकवता थांबायची.

आई गात नसे. घरच्या आरतीत तिचा आवाज जरा वर गेला की बाबा डोळे मिटूनच म्हणायचे, "हळू म्हण, सूर हलून राहिला." मग ती नुसत्या टाळ्या वाजवायची.

पाडव्याच्या दुपारी जेवणं झाल्यावर मी गेम लावला. पहिला मान बाबांचा. ते नेहमीसारखं सुरेख गायले. गुण पडले साडेतीन हजार.

"मशीन बिघडलेली दिसती," म्हणाले आणि पुन्हा गायले. शंभर वाढले.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी शब्द न म्हणता तेच गाणं नुसतं गुणगुणून दाखवलं. मला सात हजार मिळाले.

"बघा बाबा, ह्याला शब्दसुद्धा कळत नाहीत."

"शब्द कळत न्हाईत, हरकत कळत न्हाई. मंग कळतं तरी काय ह्याला?"

"नुसता सूर."

 तेवढ्यात आई म्हणाली, "मी बघू का म्हणून?"

तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. पहिल्या ओळीला आवाज भलतीकडेच गेला. मग तिची नजर पट्ट्यांवर बसली. पट्टी चढली की ती मान वर करायची, उतरली की खाली. तिसऱ्या खेपेला तिला साडेसहा हजार पडले.

"वर जायचं का खाली, हे आजवर कुणी सांगितलंच न्हाई मला," ती म्हणाली. "आपलं नुसतं हळू म्हण, हळू म्हण."

बाबा सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

गेम तिथंच ठेवून मी लातूरला परतले. काही आठवड्यांनी आईचा फोन आला, "तुझे बाबा कचेरीतून आले की आधी गेम लावून राहिलेत. चहा थंड होतो." मग फोन बाबांनी घेतला. "आज आठ हजार!" त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. मी म्हटलं, "वा बाबा!" काय चाललंय ते तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही.

संक्रांतीला मी घरी गेले तेव्हा गुरुवारी भजनाला बसले. बाबांनी अभंग धरला आणि मला गेमच्या पट्ट्या आठवल्या. प्रत्येक सूर नेमका होता, आणि आखीव वहीत लिहिल्यासारखा सरळ. कुठं थांबणं नाही, वळण नाही. आरती झाल्यावर मृदंग वाजवणारे काका जवळ आले. बाबांची त्यांची तीस वर्षांची जोडी.

"तब्येत बरी हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "आज गाणं वाचून दाखवल्यावानी केलं तुम्ही."

आम्ही घरी आलो. मी चपला काढता काढता म्हटलं, "मी तो गेम परत नेते."

"राहू दे," ते म्हणाले. "तो माझ्या कामाचा न्हाई. पण तुझी आई शिकून राहिली."

त्यांचं गाणं लगेच पूर्वीसारखं झालं नाही. बरेच दिवस ते हरकत घेता घेता मध्येच अडखळायचे. उन्हाळ्यात मी घरी होते तेव्हा कुठं एका गुरुवारी ती मोकळी झालेली ऐकली. त्याच गुरुवारी त्यांनी आईला हाक मारली, "मागं कशाला बसली? पेटीपाशी ये." ती लाजत पुढं गेली. वरच्या सुराला तिचा आवाज कापला. बाबांनी पेटीवर तोच सूर दाबून धरला, भाता जोरात हलवला आणि तिला तो सापडेपर्यंत पुढं गेले नाहीत.

नंतर सीडीवर ओरखडे पडले आणि गेम बंदच झाला. आता तसले खेळ फोनवर मिळतात. लातूरच्या घरी मीही कधी कधी गाते. गुण बरे पडतात. पण आईशेजारी सतरंजीवर बसून, टीव्हीवरच्या तिच्या पट्ट्यांकडं बघत बाबा बोटानं दाखवायचे, "आता वर... आता वर", त्या उन्हाळ्यातल्या रविवारच्या दुपारी फार आठवतात.