शुक्रवार, चार ते पाच

लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत ती एकोणीस वर्षं शिकवत होती. त्यातल्या पहिल्या तेरा वर्षांत कुणीही काहीही शिकलं नाही, हे तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. कामगार तिला ट्रेनिंगबाई म्हणत. पुढेपुढे नुसतं बाई. वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरे. लिफ्ट कंपनीची इमारत असूनही तिथं जिना चढूनच जावं लागे, आणि त्याबद्दलचा विनोद प्रत्येक नवी तुकडी आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा करी. बाई दर वेळी हसत असे. हेही तिच्या कामाचाच भाग होता.

वर्ग संपला की एक कागद वाटायचा. त्यावर तीन चेहरे असत : हसरा, सरळ आणि रडका. सगळे हसऱ्यावर खूण करत, कारण तो पहिला होता आणि मग घरी जाता येई. असे हसरे चेहरे कपाटात तेरा वर्षं साठले होते. वरचे लोक अहवालात लिहीत, की प्रशिक्षणाबद्दल कर्मचारी समाधानी आहेत. ते खोटं नव्हतं. मागच्या बाकांवर दुपारी दोन ते चार फारच समाधानानं झोप लागत असे.

बदल झाला तो प्रोजेक्टर बंद पडला त्या दिवशी. खोलीत तीस लिफ्ट मेकॅनिक बसले होते, पण एकानंही त्याला हात लावला नाही. ते काम आपल्या यादीत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. बाई इलेक्ट्रिशियनला शोधायला खाली गेली. अर्ध्या तासानं हात हलवत परत आली, तर दारातच थबकली. मागच्या बाकावरचा एक मेकॅनिक उभा राहून हातवारे करत बोलत होता आणि बाकीचे एकोणतीस जण चक्क जागे होते.

तो आजोबा. वय अठ्ठेचाळीस, पण केस कापसासारखे पांढरे, म्हणून आजोबा. आपल्या हातून झालेली एक चूक तो सांगत होता. लिफ्टचं दार उघडं असेल तर लिफ्ट हलत नाही. त्यासाठी दाराला एक स्विच असतो. तपासणी करताना मेकॅनिक त्या स्विचची दोन टोकं एका तारेनं जोडून टाकतात, म्हणजे दार उघडं ठेवून लिफ्ट चालवून बघता येते. काम झालं की तार काढायची. आजोबा ती काढायला विसरला होता.

"गाडीत बसलो, किल्ली फिरवली, आणि तार आठवली," तो सांगत होता. "सात मजले धावत चढलो. लिफ्टनं जायची हिंमत कुणाची?"

"किती वेळ होती तार?" कुणीतरी विचारलं.

"वीस मिनिटं. कुणाला काही झालं नाही. पण मला आठ दिवस जेवण गेलं नाही."

मग दुसऱ्यानं आपली सांगितली. मग तिसऱ्यानं. शेवटी कुणीतरी म्हणालं, की तार आपल्या गाडीच्या किल्लीलाच बांधून ठेवली तर? तार विसरली तर किल्लीही वरच राहील, गाडी सुरूच होणार नाही. दोघांतिघांनी खिशातल्या किल्ल्या काढून बघितल्या, एवढी साधी गोष्ट आपल्याला का सुचली नाही, अशा चेहऱ्यानं. बाई दारातच उभी होती. तेरा वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी शिकलं होतं, आणि तेव्हा ती खोलीत नव्हती.

दुसरी एखादी यावर रुसली असती. बाईनं त्यातून शुक्रवार काढला. दर शुक्रवारी चार ते पाच, दार बंद. ज्याला वाटेल त्यानं आपली चूक सांगायची. उपदेश करायचा असेल त्यानं आधी स्वतःची एक चूक सांगायची. या एका अटीमुळे उपदेश जवळजवळ बंदच पडला. पुढं काय शिकायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ज्याला ते येतं त्याला गाठायचं. आणि शेवटची अट बाई दर वेळी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही : इथं बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही.

"लिहून काय होतंय बाई?" एकजण म्हणाला होता. "शब्द द्या."

"दिला," बाई म्हणाली.

सहा वर्षं तो शब्द टिकला. दुरुस्त केलेली लिफ्ट आठवड्यात पुन्हा बंद पडण्याच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. दुसऱ्या शाखांतले मेकॅनिक विचारू लागले, की आम्हाला कसं ऐकता येईल? मग बाईनं फोनवर दोन-दोन मिनिटांचे आवाज नोंदवून घ्यायला सुरुवात केली. तारीख, लिफ्टचा क्रमांक, काय केलं, काय झालं. क्रमांकाचा आग्रह तिचाच. "मोघम चूक कुणाच्या कामाची नसते," ती म्हणायची. "कुठल्या जातीची लिफ्ट, किती जुनी, ते कळलं तर पुढचा शिकेल." तीनशे चाळीस आवाज जमले; पहिला आजोबाच्या तारेचा. ज्याला जेव्हा अडेल तेव्हा तो शोधून ऐके. काहीजण तर जेवताना गाणी ऐकावीत तसे दुसऱ्यांच्या चुका ऐकत.

बायकोचा हा उद्योग तिच्या नवऱ्याला मनापासून आवडे. तो औषधांच्या दुकानात होता. तिथं चूक सांगायची पद्धत नव्हती, चूक होतच नाही अशी पद्धत होती.

शाखेच्या साहेबांचं लक्ष गेलं ते या सुमाराला. हे साहेब मूळचे तिच्याच हाताखालचे. बारा वर्षांपूर्वी मदतनीस म्हणून आले, तेव्हा फळ्याकडे तोंड करून बोलत. माणसांकडे बघून कसं बोलायचं, हे बाईनंच त्यांना शिकवलं. एकदा त्यांची नोकरी जायची वेळ आली, तेव्हा वरच्यांपुढे जाऊन भांडलीही तीच. त्यामुळे चारचौघांत ती त्यांना साहेब म्हणे आणि केबिनमध्ये अरे-तुरे करी, आणि दोन्ही त्यांना चाले.

"बाई, हे सोनं आहे," साहेब म्हणाले. "कंपनीच्या नव्या संगणक-यंत्रणेत टाकू. सगळ्या शाखांना एका जागी मिळेल."

"नावं?"

"एकही नाव राहणार नाही."

"अरे, मी शब्द दिलाय त्यांना."

"तुमचा शब्द तो माझा शब्द, बाई." हे ते तिच्याकडे बघून म्हणाले. तेवढं ते उत्तम शिकले होते.

बाईनं सगळे आवाज दिले. नावं खरोखरच काढली होती. तारखा आणि क्रमांक होते तसेच ठेवले. त्यांच्यावाचून शिकणार काय? कुठल्या तारखेला कुठल्या लिफ्टवर कोण होतं, याची यादी खालच्या मजल्यावर कामवाटपाच्या टेबलाशी भिंतीला टांगलेली असे, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिला ते सुचलं नाही. एकोणीस वर्षं ती वरच्या मजल्यावर बसत होती.

चार महिन्यांनी अकरा जणांना पत्रं आली. आजोबाच्या पत्रात तारीख होती, लिफ्टचा क्रमांक होता, आणि 'प्रवाशांच्या जिवाशी खेळ' असे शब्द होते. त्याच महिन्यात कंपनीचं नवं सुरक्षा-पुस्तक छापून आलं. पान नऊवर तार किल्लीला बांधायची पद्धत चित्रासकट दिली होती, आणि ही पद्धत साहेबांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झाल्याचं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

बाई दार न वाजवता केबिनमध्ये शिरली.

"केसानं गळा कापलास रे!"

"बसा, बाई. पाणी घ्या."

"पाणी नको. पत्रं मागे घे."

"माझ्या हातात असतं तर..." साहेबांनी हात पुढे करून दाखवले, ते खरोखरच रिकामे होते. "यंत्रणा कायदेविभागानं बघितली. एकदा कळल्यावर गप्प बसता येत नाही म्हणतात. आणि बाई, चूक झाकायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"झाकायची नाही म्हणून सांगितलं त्यांनी! तुझ्यासाठी नव्हे. एकमेकांसाठी."

"तुमच्याबद्दल मात्र वर फार चांगलं बोलणं चाललंय," साहेब घाईघाईनं म्हणाले. "लोक आता आपलं आपण शिकतात, एकमेकांकडून शिकतात. हे सगळं श्रेय तुमचं. म्हणजे आता प्रशिक्षकाच्या पदाचीच तशी... मार्चनंतर. सत्कार करणार आहोत."

बाईला हसू आलं. तिनं काम इतकं चोख केलं होतं, की आता तिचं काही काम उरलं नव्हतं. आपल्या जागेचं तिला काही वाटलं नाही; निदान त्या दिवशी तरी. अकरा जणांना आपल्या तोंडानं काय सांगायचं, याचंच तिला ओझं झालं होतं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत विचारलं, "बाहेर जाणार नाही म्हणालीस, तर आवाज नोंदवलेस कशाला?"

"शिकायला, अहो!"

"तसं नाही. मी आपलं विचारलं."

एवढा साधा प्रश्न सहा वर्षांत तिला कुणी विचारला नव्हता. तिनं स्वतःही नाही.

आजोबाच्या चौकशीत ती आपणहून गेली. टेबलापलीकडे तिघे बसले होते. आजोबा खुर्चीच्या कडेवर, इस्त्रीचा शर्ट घालून.

"हे सगळं गुप्त राहील असं मी वचन दिलं होतं," बाई म्हणाली. "दोष द्यायचा तर मला द्या."

"वचन लेखी आहे?" मधल्यानं विचारलं.

"फळ्यावर लिहीत होते. दर शुक्रवारी."

"त्याची प्रत?"

फळा दर शुक्रवारी पाच वाजता पुसला जाई, असं बाईनं सांगितलं. मधल्यानं तेही लिहून घेतलं. मग आवाज लावला. वीस मिनिटं, सात मजले, आठ दिवस जेवण गेलं नाही. 

"हा आवाज कुणाचा, ओळखता?" बाईला विचारलं.

"नाही," बाई म्हणाली. एकोणीस वर्षांतली ही तिची पहिली थाप, आणि ती कुणालाच पटली नाही.

"माझाच आहे, साहेब," आजोबा मधल्याला म्हणाला. "कशाला त्यांना त्रास?"

त्याची नोकरी गेली. उरलेल्या दहांना ताकीद मिळाली. शुक्रवार मात्र बंद झाला नाही; उलट कंपनीनं तो सक्तीचा केला. चार वाजता सगळे येत, ओळीनं बसत. पहिला म्हणे, "या आठवड्यात माझ्याकडून काही चूक झाली नाही." दुसरा म्हणे, "माझ्याकडूनही नाही." एकोणतीस जणांचं दहा मिनिटांत आटपे. बाई फळ्यापाशी उभी राही. त्या माणसांच्या डोळ्यांत राग असता तर तिला परवडलं असतं. तिथं अदब होती.

सत्कार झाला, शाल मिळाली, मार्च संपला. एप्रिलमध्ये तिच्या कानावर आलं, की आजोबानं तीन गल्ल्या पलीकडे पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकलंय, आणि संध्याकाळी कामावरून सुटलेले मेकॅनिक तिथं जमतात. ती एका बुधवारी गेली. रस्त्याच्या पलीकडूनच तिला दिसलं : सातआठ जण उलट्या डब्यांवर बसलेले, एकजण उभा राहून हातवारे करतोय, बाकीचे पुढे वाकून ऐकतायत. तिचे पाय आपोआप भरभर पडू लागले.

"अरे, बाई! या, या," आजोबा उठला. कुणीतरी डबा पुसून दिला. उभा होता तो खाली बसला. मग उकाड्याचं निघालं. मग बसच्या वेळा बदलल्याचं. एकानं तिच्या गुडघेदुखीची चौकशी केली. सगळे इतके नीट बोलत होते, की तिला आपल्या वर्गाची आठवण झाली.

दहा मिनिटांनी ती उठली. आजोबा पायरीपर्यंत आला.

"माझ्यावर राग आहे?" तिनं विचारलं.

"छे हो. तुम्ही वाईट केलं असं इथं कुणीच म्हणत नाही." त्यानं मागं वळून बघितलं, आवाज खाली आणला. "पण बाई, तुमच्यापाशी बोललेलं राहत नाही. आता काय करणार त्याला?"

"मी गप्प बसेन. नुसती ऐकेन."

 आजोबानं पांढऱ्या केसांतून हात फिरवला.

"सांभाळून जा," तो म्हणाला. "पुढं रस्ता खणलाय."

ती कोपऱ्यापर्यंत गेली असेल, तेवढ्यात मागं बोलणं पुन्हा सुरू झालं. कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, "मग काय झालं, सांग की!" तिनं चालणं हळू केलं. दुकानातल्या एकानं ते पाहिलं, उठला, आणि शटर अर्धं खाली ओढलं.